बटाट्याच्या शेतातला हाफ क्राउन

असले गूढ अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा व्यवसाय. जी गोष्ट दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही, ती माझ्या लेखी घडलेलीच नसते. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

आम्ही हॅम्बर्गला राहतो. मी, नवरा मंदार आणि दोन वर्षांपासून माझे सासरे, अण्णा. अण्णा पुण्यात बँकेत कॅशियर होते आणि जुन्या नाण्यांचा नाद त्यांना जन्माचा. राणीछाप रुपया हातात आला की बोटाच्या टोकावर तोलायचा, कडेला टिचकी मारायची, कानाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा – खणखणीत किंवा बद्द. निकाल कधी चुकला नाही, असं मंदार सांगतो. मुलगाच तो, सांगणारच.

सासूबाई गेल्यावर अण्णांचे कान झपाट्याने गेले. उजवा पूर्ण, डावा जवळजवळ पूर्ण. इथल्या डॉक्टरांनी ह्योरगेरेट, म्हणजे कानाचं यंत्र, लावून पाहिलं, उपयोग शून्य. आम्ही मोबाईलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवायचो, ते वाचून मान हलवायचे. मग त्यांनी बोलणंच सोडलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं एकदा म्हणाले, तेवढंच. जेवायला बसायचे, उठायचे, खोलीत जायचे. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत मिटत चाललाय, असं वाटून मला फार भीती वाटायची.

मेटल डिटेक्टरचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते अण्णांमुळेच. इथे त्याला रीतसर गेनेमिगुंग, म्हणजे सरकारी परवानगी, घ्यावी लागते आणि जुनं काही सापडलं की पुरातत्त्व खात्याला दाखवावं लागतं. गेल्या ऑक्टोबरात, हार्बुर्गच्या पुढे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बटाटे काढून झालेल्या शेतात मला एक काळं पडलेलं नाणं मिळालं. एका बाजूला राजाचा झिजलेला जाड चेहरा, दुसरीकडे ढाल. तिसऱ्या जॉर्जचा हाफ क्राउन, चांदीचं इंग्रजी नाणं. त्या काळी इंग्लंडचा राजा तोच इथल्या हॅनोव्हरचाही राजा, त्यामुळे इकडे ब्रिटिश नाणं निघालं यात नवल काही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आंघोळीला गेले तेवढ्यात अण्णांनी ते नाणं चिंच लावून घासलं... देवाची भांडी घासतात तसं. जमिनीतून निघालेलं नाणं घासायचं नाही, हा पहिला नियम मला त्यांनीच शिकवलेला. मी बाहेर येऊन कपाळाला हात लावला. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी नाणं बोटावर तोललं आणि टिचकी मारली.

नाणं वाजलं. स्वच्छ, लांब, विरत जाणारा आवाज. काय वाजलं म्हणून मंदार स्वयंपाकघराच्या दारात आला. अण्णांची पाठ आमच्याकडे होती, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. नाणं कानाशी धरून ते म्हणाले, “चांदी आहे. चोख.”

चांदी वाजली, अण्णांनी ती सवयीने कानाशी धरली, यात आम्हाला विशेष काहीच वाटलं नाही. विशेष होतं ते त्यांचं बोलणं. त्या दुपारी अण्णांनी मला सापडलेल्या वस्तूंचा सगळा डबा टेबलावर ओतून घेतला. हे गणवेशाचं बटण, ही बंदुकीची गोळी, हा फेनिग, जुना जर्मन पैसा... पुढचे काही आठवडे जेवताना दुसरा विषय नव्हता. आमचं घर पुन्हा घर झालं.

मग मी ते नाणं पुरातत्त्व खात्याच्या बाईंना दाखवायला नेलं. कोणी घासलं, म्हणून आधी मला बोलणी बसली. नंतर त्यांनी ते दिव्याखाली बराच वेळ फिरवलं.

“तर, हे त्याच काळातलं बनावट नाणं आहे. कथील आणि शिसं.”

पण ते वाजतं, मी म्हणाले. त्यांनी ते टेबलावर टाकलं. थप्प. मग मी स्वतः बोटावर तोलून टिचकी मारली, पुन्हा पुन्हा मारली. मातीच्या ढेकळावर मारावी तशी. बाईंनी नाणं मलाच ठेवायला सांगितलं.

परतताना एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, एकच विचार. अण्णांना काय सांगू? कान गेलेल्या माणसाला कानांनीच फसवलं, हे कळलं तर ते पुन्हा खोलीत जाऊन बसतील. पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. मी टाइप केलं – अण्णा, नाणं खोटं निघालं, कथील आणि शिसं आहे.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून ठेवला.

“ते मला हातात घेताच कळलं होतं, मुक्ता. हलकं लागलं, बुळबुळीत लागलं. म्हणून तर घासून पाहिलं. बोटं सांगत होती खोटं आहे. पण वाजलं ना ते! वर्षभरात मला ऐकू आलेला तेवढाच आवाज. त्याला मी खोटं कसं म्हणू?”

 मग चष्मा परत लावून ते म्हणाले, “इतके दिवस विचारायला घाबरत होतो. तुला ऐकू आलं होतं का? की माझ्याच डोक्यात वाजलं?”

मी लिहिलं – हो, आलं. मंदारलाही आलं.

अण्णांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

कथील-शिशाचं नाणं चांदीसारखं कसं वाजलं, बहिऱ्या माणसाला ते कसं ऐकू आलं, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. कोणी धातुशास्त्रातलं असेल तर जरूर लिहावं. नाणं अण्णांच्या उशाशी असतं. त्याला पुन्हा टिचकी मारायला ते धजत नाहीत, मीही नाही. पण जेवताना आता त्यांना गप्प करावं लागतं.