तक्त्याखालच्या दोन ओळी

सरांनी लाकडी रूळ तक्त्याच्या उजव्या टोकाला टेकवला.

"हे नोबल गॅसेस. नोबल म्हणजे खानदानी. कुणात मिसळत नाहीत, कुणाचं घेत नाहीत. निसर्गातही ज्याची त्याची जागा ठरलेली असते."

मग रूळ खाली आला. मुख्य तक्ता संपल्यावर बोटभर मोकळी जागा होती आणि तिच्याखाली दोन सुट्या ओळी.

"आणि हे गावकुसाबाहेरचे."

वर्ग हसला. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला हे समजायला सोपं जाईल."

वर्ग पुन्हा हसला. मी वहीत बघत राहिले. वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, मूलद्रव्यांची ही सारणी पाठ कशी करायची? ती पाठ करायची नसते. वाचायची असते. पण मला ती जशी वाचता आली, तशीच सांगता येईल. त्यात हा वर्ग येणार, हे सर येणार. खरं तर हे सारं पुन्हा सांगायचा आता कंटाळा येतो. तरी सांगते.

उदगीरला अकरावी सायन्सला होते मी. गाव जळकोटकडचं. दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि इथे एकदम इंग्रजी. राहायला मावशीकडे. मावशी डाळमिलमध्ये कामाला होती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवणं चाललं होतं. मावशी म्हणायची, "जिल्हा आला दारात, टँकर काय येईना."

पाऊस नव्हता. कॉलेजचे नळ कोरडे. प्रॅक्टिकलला प्रत्येकाने घरून बाटलीभर पाणी आणायचं, प्रयोगशाळेतल्या पिंपात ओतायचं. परीक्षानळ्या त्यातूनच धुवायच्या. माझी बाटली सर बाजूला ठेवायला लावत. "तुमच्याकडच्या पाण्यात क्षार जास्त. रिझल्ट चुकतात." सरांच्या गल्लीला आणि आमच्या गल्लीला एकच टँकर यायचा. मला ते माहीत होतं. सरांनाही.

चाचणीत मला चार गुण पडले. त्यामागे माझी एक चूक होती. आमच्या गावात एका ओळीतली घरं म्हणजे एक भावकी. मला वाटलं, तक्त्यातही तसंच असणार. म्हणून मी आडव्या ओळीतले शेजारी भाऊभाऊ धरले. सोडियमचा स्वभाव मॅग्नेशियमला देऊन टाकला, मॅग्नेशियमचा अ‍ॅल्युमिनियमला. सगळंच चुकलं.

सरांनी बोलावून घेतलं. "आर्ट्सला जा. स्कॉलरशिप तिथेही मिळते तुम्हाला. सोमवारी वडिलांच्या सहीचा अर्ज आण."

गावी गेले. आबा रोजगार हमीच्या कामावर होते, पाझर तलावाच्या बांधावर. आई डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन चढत होती. आबांनी धोतराला हात पुसले आणि अर्ज वाचून दाखव म्हणाले. मी वाचला.

"तुला सायन्स झेपंना, का त्यांना तू झेपंना?"

"ठावं न्हाई, आबा."

"मग आदी त्ये बघ. सही करून देतो. पर द्यायचा का न्हाई, तुजं तू ठरव."

त्यांनी सही केली आणि पुन्हा कुदळ उचलली.

रविवारी दुपारी उदगीरला परतले. जायचंच असेल तर समजून घेऊन जाऊ, असं मनात होतं. मावशीच्या घरामागे एका आडत्याच्या गोदामाची लांबलचक भिंत होती. चुलीतला कोळसा घेतला, पुस्तक आणि डिक्शनरी दगडावर उघडी ठेवली आणि भिंतीवर तक्ता लिहायला लागले. नंबराप्रमाणे. एक, दोन, तीन.

लिहिता लिहिता पहिली गोष्ट कळली. इथे भावकी उभी असते. लिथियमखाली सोडियम, सोडियमखाली पोटॅशियम. तिघांचंही पाण्याशी भांडण. कुणी नुसतं फसफसतं, कुणी पेटतं, पण खोड एकच. आडवं चालताना फक्त नंबर वाढत जातो, एकेकाने, आणि प्रत्येक घरात स्वभाव बदलतो. तुम्हीही असंच वाचा. आधी नंबर बघा, मग वरखाली नातं बघा. बाकी आपोआप येतं.

सहाव्या ओळीत पोचले. पंचावन्न, छप्पन, सत्तावन्न. पुढच्या घरात एकदम बहात्तर.

मला वाटलं, छपाई चुकली. मग सत्तावन्नच्या कोपऱ्यात बारीक फुली दिसली. तशीच फुली खालच्या सुट्या ओळीच्या सुरुवातीला होती. ती ओळ अठ्ठावन्नपासून सुरू होत होती आणि एकाहत्तरला संपत होती.

मी बहात्तर पुसलं. भिंतीवर जागा भरपूर होती. अठ्ठावन्न ते एकाहत्तर ओळीतच लिहिले, सत्तावन्नला चिकटून. मग बहात्तर. त्याखालच्या ओळीतही तसंच केलं. नव्वद ते एकशे तीन, सगळे आत. ओळी लांबत गेल्या, मावशीच्या मागच्या दारापासून शेजारच्यांच्या न्हाणीपर्यंत. पण मध्ये एकही नंबर तुटला नाही. कुणी बाहेर उरलं नाही. ते कधी बाहेरचे नव्हतेच. कागद अरुंद होता, म्हणून छापणाऱ्याने त्यांना काढून खाली ठेवलं होतं.

मी तिथेच मातीत बसले.

मावशी मिलमधून आली. "अगं बया, शेटजीची भित काळी करायलीस? उंद्या मला बोलणी खायाला लावतीस का?"

"पुसते, मावशी. थोडं बघू दे."

"काय बघायलीस येवढं?"

मी सांगितलं. तिने भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "बरं. मग त्या मास्तरला सांग की," म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.

सोमवारी सरांनी वर्गातच विचारलं, "अर्ज आणलास?"

"आणलाय. आधी एक दाखवायचंय, सर."

मी तक्त्यापाशी गेले. बोट ठेवलं. "छप्पन. सत्तावन्न. आन् पुढं बहात्तर. मधले चौदा कुठं गेले?"

"खाली आहेत की."

"नंबर आतला हाय त्यांचा. कागद पुरला न्हाई म्हणून खाली छापले. हे गावकूस निसर्गानं न्हाई घातलं, सर. छापणाऱ्यानं घातलं."

माझं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"मला केमिस्ट्री शिकवतेस? चाचणीत किती पडले, सांग सगळ्यांना."

"चार."

वर्ग हसला. सरांनी हात पुढे केला. "अर्ज."

"देणार न्हाई."

खरं ते जिंकतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सरांनी मला अकरावीला नापास केलं. प्रॅक्टिकलमध्ये. त्याच वर्गात मी पुन्हा बसले. आबा आणि आई अजून एक उन्हाळा बांधावर राबले. सगळी मुलं नवी होती. सरांनी तक्ता टांगला. रूळ खानदानी वायूंवरून खाली आला. तेच वाक्य. या वेळी नजर दुसऱ्या एका मुलीकडे गेली. ती आमच्याच वस्त्यांमधली असावी. तिने मान खाली घातली.

तेव्हा मला खरं कळलं. सरांना माहीत नव्हतं असं नाही. मीच तर सांगितलं होतं, तक्त्यावर बोट ठेवून. माहीत असूनही ते तसंच म्हणत होते. अशा माणसाला समजावण्यात अर्थ नसतो. तो अडाणी नसतोच.

मी उभी राहिले. "सर, हे चूक आहे."

"बस खाली."

"आधी दुरुस्त करा."

"बाहेर जा."

गेले नाही. बसलेही नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले. त्या उभं राहण्यातच ठरवलं, हे वाक्य माझ्यासमोर कुणालाही सुखाने म्हणू द्यायचं नाही. पुढे नांदेडला मी स्वतः केमिस्ट्री शिकवली. शिक्षकांच्या खोलीत ते ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही ऐकलं. शब्द वेगळे असतात, सभ्य असतात. दर वेळी उभी राहिले. आता गुडघे दुखतात, उठायला खुर्चीचा आधार लागतो. समोरची माणसं घड्याळ बघत थांबतात.

थांबू देत. मी उठणार.