बर्फीचे खोके आणि काचेचं दार

परळच्या सुखदा प्रसूतिगृहात कुठलं दार कुणाला उघडायचं, हे अनुजा कांदळगावकर ठरवते. तिच्या कार्डावर ‘सुरक्षा व्यवस्थापक’ असं छापलेलं असलं, तरी आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘दारवाली मॅडम’च म्हणतात. तिला ते आवडतं.

अनुजा चिंचपोकळीच्या चाळीत वाढली. तिथली दारं फक्त झोपताना लागायची. त्यामुळे ही नोकरी लागली तेव्हा तिची आई शेवंती खो खो हसली होती. “म्हणजे गो, दारां बंद करूचो पगार गावता तुका?”

“बंद करायचा नाही आई, कुणाला उघडायचं ते ठरवायचा.”

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर तिने बरीच वर्षं दारांना कार्डाची मशीन बसवणाऱ्या एका कंपनीत काढली. खांद्याला वायरची गुंडाळी, हातात ड्रिल. ऑफिसांमधून विचारणा व्हायची, “इंजिनियर कधी येणार?” ती म्हणायची, “आलीय. शिडी कुठे मिळेल?” तिथून ती सुखदात आली, तेव्हा भांडारापासून नवजात बाळांच्या खोलीपर्यंत सगळ्या किल्ल्या रिसेप्शनच्या मागे एका फळीवर लटकत असायच्या. ज्याला हवी त्याने न्यावी, आठवण झाली तर परत आणावी.

अनुजाने ती फळी काढायला लावली. प्रत्येकाला फोटोचं कार्ड दिलं. सिस्टरचं कार्ड तिच्या वॉर्डापुरतं चालेल, औषधांच्या भांडाराचं दार फार्मसीवाल्यांनाच उघडेल, भेटायला येणाऱ्यांची कार्डं संध्याकाळी आपोआप बंद पडतील. मशीन बसवणाऱ्यांकडून काम ताब्यात घेण्याआधी तिने एका दुपारी स्वतः आगीचा भोंगा वाजवला आणि प्रत्येक दाराचं कुलूप सुटतं का ते हाताने ढकलून पाहिलं. बाळंतिणींच्या इमारतीत दार अडून बसलेलं तिला चालणार नव्हतं.

प्रशासनाचे अजित सामंत भलतेच खूश झाले. विश्वस्तांना म्हणाले, “आता मुंगीसुद्धा शिरत नाही आत.”

अनुजाला मात्र ते पटलं नाही. जिन्यात उभं राहून तिने पाहिलं होतं, एक जण कार्ड लावायचा आणि मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवायचा. तिने सामंतांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, “अहो, माणुसकी आहे ती.”

“आहेच सर. पण चोरालाही ठाऊक असते ती.”

सामंतांनी विषय बदलला. अनुजा तडक संचालक डॉ. कालिंदी रेगे यांच्याकडे गेली. “बाई, एक चाचणी करू द्या. कुणाला आधी सांगायचं नाही.” डॉक्टरबाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

अनुजाचा मावसभाऊ सुशांत माझगावच्या गोदीत नोकरीला. त्याला तिने इस्त्रीचा शर्ट घालून यायला सांगितलं आणि दोन्ही हातांवर बर्फीच्या खोक्यांची चळत दिली.

“आत शिरायचं कसं पण?” तो म्हणाला.

“हात रिकामे ठेवायचे नाहीत आणि हसत राहायचं. बाकीचं लोक करतील.”

ती आणि डॉक्टरबाई कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसल्या. मुख्य दाराशी एका वॉर्डबॉयने स्वतःचं कार्ड लावून सुशांतला आत घेतलं. “मुलगी का? अभिनंदन!” लिफ्टपाशी एका डॉक्टरांनी त्याच्यासाठी बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर नूपुर सिस्टर दार उघडून आत जात होती. त्याचे हात अडकलेले पाहून तिने दार पायाने अडवून धरलं. सुशांत नवजात बाळांच्या काचेच्या खोलीत, पाळण्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. कुणी त्याला नाव विचारलं नाही. एकीने मात्र त्याला बसायला खुर्ची दिली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ते चित्रीकरण दाखवलं. आधी हशा पिकला. सुशांत पाळण्यांशी पोचला तेव्हा हसणं थांबलं. नूपुर खाली मान घालून बसली होती. सामंत संतापले. “या सिस्टरला आजच मेमो देतो!”

“नाही सर,” अनुजा म्हणाली. आवाज चढला नाही, पण सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तिला मेमो दिलात, तर उद्यापासून चूक झाली की लोक लपवतील. मग मला काहीच कळणार नाही. आणि मेमो द्यायचाच, तर खालच्या दारापासून सुरुवात करा. तिच्या आधी दोघांनी त्याला वाट दिली.”

लिफ्टचं बटण दाबणारे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

बैठक संपल्यावर नूपुर तिच्यामागे आली. डोळे भरलेले. “मॅडम, समोरच्याला कार्ड विचारायचं म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं वाटतं हो.”

“मग असं विचार, की तसं वाटणार नाही. तूच सांग कसं ते.”

दोघींनी कँटीनमध्ये बसून वाक्य जुळवलं. साधंच. ‘तुमचं कार्ड लावा, दार मी धरते.’ ते नूपुरने प्रत्येक पाळीला स्वतः शिकवलं. काचेच्या खोलीबाहेर अनुजाने आणखी एक दार बसवून घेतलं. बाहेरचं पूर्ण लागल्याशिवाय आतलं उघडत नाही.

तरी सुरुवातीला लोक लाजायचे. मग एका सकाळी डॉ. रेगे घाईने तिसऱ्या मजल्यावर आल्या. कार्ड गाडीत राहिलेलं. नूपुर दारात होती. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती म्हणाली, “बाई, तुमचं कार्ड लावा, दार मी धरते.”

डॉक्टरबाई सगळ्यांदेखत मागे वळल्या, खाली गेल्या, रिसेप्शनला रांगेत उभं राहून दिवसापुरतं कार्ड घेतलं आणि परत वर आल्या. “शाबास,” एवढंच म्हणाल्या. दुपारपर्यंत ही गोष्ट लाँड्रीपर्यंत पोचली होती. त्यानंतर विचारायला कुणी लाजलं नाही.

पुढे उन्हाळ्यात एसीचा कारागीर खालच्या गर्दीतून शिडी घेऊन तसाच वर आला. चादरींची गाडी ढकलणाऱ्या राधाबाईंनी त्याला अडवलं. “कार्ड लाव बाबा, दार मी धरते.” कार्ड नव्हतं. तो कुरकुरत खाली गेला. राधाबाईंनी लगेच अनुजाला फोन लावला. अनुजाने चौकशी केली. माणूस खरा होता, एसी बिघडल्याची तक्रारही खरी होती. रिसेप्शनला कार्ड घेऊन तो पुन्हा वर आला, तेव्हा राधाबाईंनी स्वतः दार धरलं आणि काम झाल्यावर त्याला चहा पाजला.

“उगाच अडवलं का मी बिचाऱ्याला?” त्यांनी अनुजाला विचारलं.

“अजिबात नाही, मावशी. खऱ्या माणसाला अडवलंत आणि तरी शेवटी तो रागावून गेला नाही. मला हेच हवं होतं.”

गेल्या महिन्यात विश्वस्तांनी ठाकूरद्वारच्या त्यांच्या परिचारिका विद्यालयाचं कामही अनुजाकडे सोपवलं. पहिल्याच दिवशी ती इमारतीभोवती फिरली. मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दाराला मुलींनी वीट लावून ठेवली होती.

“दार जड आहे ना, म्हणून,” मेट्रन म्हणाल्या. “बसवा की त्यालाही मशीन.”

अनुजाने दार ओढून पाहिलं, सोडून पाहिलं, मग वाकून बिजागरीला बोट लावलं. “मशीन बसवू. पण आधी सुतार बोलवा,” ती म्हणाली. “हे दार सहज उघडत नाही, तोवर वीट काही हलणार नाही.”