पूजेतला पाना

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. विळा, खुरपं, कोयता, आणि बाबा गेल्यापासून त्यांची पान्यांची पेटीसुद्धा. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गेल्या वर्षी मी तो लावला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

बाबा फौजेत ड्रायव्हर होते. घरी परतल्यावर त्यांनी एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली आणि मला तिच्यावर शिकवलं. नुसतं चालवायला नाही, बॉनेट उघडून आत बघायलाही. ते गेल्यावर कोरेगावहून साताऱ्याला नोकरीला मी तीच नेऊ लागले. दादाच्या मात्र ती डोळ्यांत खुपायची. नवमीच्या सकाळी ती रुसली. स्टार्टर घरघर फिरायचा, पण इंजिन काही सुरू होईना. दादाने तेवढ्यात उंब्रजच्या भंगारवाल्याला फोन लावलासुद्धा.

"दुपारी यील त्यो. तवर चालू झाली तर ऱ्हाऊ दे, न्हाईतर जाऊ दे. हाय का कबूल?"

"कबूल," मी म्हटलं आणि देवापुढची पेटी उघडून पाना उचलला.

"आगं, पूजंला लावल्यात हत्यारं! उद्याबिगर हात लावत न्हाईत."

"तू सणाच्या दिवशी भंगारवाला बोलवायचास, आन मी पाना बी उचलायचा न्हाई, व्हय रं?"

दादा पुटपुटत राहिला. आई तिथंच फुलं निवडत बसली होती.

स्टार्टर जोमानं फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. राहिलं पेट्रोल आणि ठिणगी. एक प्लग काढला तर तो ओला, पेट्रोलचा भपकन वास आला. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. मग आईला गाडीत बसवलं, किल्ली फिरवायला सांगितली आणि तोच प्लग वायरीला जोडून, रबरी टोपीला धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. ठिणगी नाही. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे सगळ्या प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डब्याचं झाकण काढलं. आत पाण्याचे थेंब.

चूक माझीच होती. पूजेला गाडी चकाचक दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळी मी पाण्याच्या मोटारीचा पाइप थेट इंजिनावर धरला होता. बाबा असते तर त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली असती. दादा मोठ्याने हसला. हसू दे म्हटलं.

झाकण पुसलं, तासभर उन्हात ठेवलं, वायरी कोरड्या केल्या आणि सगळं पुन्हा बसवलं. आईनेच किल्ली फिरवली. दोनदा खाकरून गाडी सुरू झाली. मी दादाकडे बघितलं. जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

तो फार टिकला नाही. भंगारवाला आला तो इंजिनाचा आवाज ऐकतच.

"आवं, ही तर चालू हाय की! मग मोडायची कशाला? चालवायलाच न्हेतो. पैसं बी वाढवून देतो."

दादा विरघळला. सकाळचा शब्द त्याने सरळ गिळला. "चालू हाय तवाच गिऱ्हाईक हाय, ऐक माझं," मला म्हणाला. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तोच आईने गाडी बंद केली आणि खाली उतरून किल्ली कमरेला खोचली.

"पाव्हणं, च्या पिऊन जावा. गाडीची कागदं त्येंच्या मागारी माझ्या नावावर झाल्यात. म्या सही करणार न्हाई."

एवढंच बोलून ती चहा ठेवायला आत गेली. दादा उंबऱ्याकडे बघत राहिला आणि मीही. बाबा गेल्यापासून आम्ही दोघं त्या गाडीवरून भांडत होतो. तो विकायची म्हणायचा, मी ठेवायची. तुझ्या मनात काय आहे, असं आईला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.