गोणपाटावरून चालणारी कुत्री

पामेरियन कुत्र्यांची तेव्हा धुळ्यात लाट आली होती. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. नव्या कॉलन्यांमध्ये ज्याला त्याला पांढरं, केसाळ पिल्लू हवं होतं, तसं आमच्या ह्यांनाही हवं होतं. आम्ही देवपुरात भाड्याने राहायचो. मी शाळेत शिकवायचे, हे बँकेत. एका रविवारी दोघं स्कूटरवरून पिल्लू आणायला गेलो.

विकणाऱ्याचं घर गावाबाहेर होतं. ओसरीवर टोपलीत पिल्लं ठेवलेली, अंगाला पावडर लावलेली. हे पिल्लं बघत बसले आणि मी हात धुवायला मागे गेले. मागे पत्र्याची शेड होती. कोंबड्यांचे पिंजरे एकावर एक रचलेले, प्रत्येकात कुत्र्याची एक मादी. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर पडत होती. अगदी खालच्या पिंजऱ्यात एकजण कोपऱ्यात तोंड खुपसून बसली होती. पाठीवरचे केस झडलेले.

"ही आता पिल्लं देत नाही," मालक मागून येऊन म्हणाला. "नदीकडं सोडून द्यायचीये."

"मग आम्हाला द्या."

ह्यांनी स्कूटर काढली, मी तिला पदरात गुंडाळून मागे बसले. घरी पोचल्यावर हे म्हणाले, "आपण पिल्लू आणायला गेलो होतो ना गं?"

मला वाटलं होतं, दूधपोळी मिळाली, मायेने हाक मारली, की पंधरा दिवसांत अंगाखांद्यावर खेळायला लागेल. ती मोरीत शिरली ती शिरलीच. आमच्यापैकी कुणी दिसत असलं तर ताटलीला तोंड लावायची नाही. कडी वाजली की जागच्या जागी मुतायची. बसायची तिथेच घाण करायची आणि त्यातच बसून राहायची. शाळेतून आले की आधी मोरी धुवायची आणि मगच चहा. नाव ठेवलं होतं छानसं, पण नाव घेतलं की अंग आणखीच चोरून घ्यायची.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचे कान, दात बघितले आणि म्हणाले, "आजार काहीच नाही. भित्री आहे." ते मलाही दिसत होतं! करायचं काय, ते कुणीच सांगेना.

तिला फरशीवर पाय टाकता येत नव्हता. जन्मभर जाळीवर उभी राहिल्याने बोटं फाकली होती, गुळगुळीत फरशीवर पाय चारी दिशांना जायचे. एकदा दाराशी पडलेल्या गोणपाटावर ती आपणहून उभी राहिलेली दिसली. मग मी शेंगांची रिकामी पोती मागून आणली, उसवली आणि मोरीपासून मागच्या दारापर्यंत अंथरली. ती त्यावरून चालायला लागली. भिंतीला घासत, थांबत, पण चालायला लागली. शेजारच्या अक्का डोकावल्या आणि हसत सुटल्या.

"माय वं! हाई कुत्री शे का नवी नवरी?"

मीही हसले, पण आतून चिडले होते. आलेला प्रत्येक पाहुणा त्या गोणपाटाला अडखळायचा आणि मला शहाणपण शिकवायचा. तरी हिवाळा सरता सरता ती मागच्या अंगणात जायला लागली. मातीत बसायची, उन्हाकडे पाठ करून. माझा पाय तिच्यापासून हातभर अंतरावर असला तरी उठायची नाही. मी ह्यांना खिडकीतून दाखवलं. हे म्हणाले, "बरं झालं." त्या दिवशी मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर घरमालकांनी अंगणावर पत्रे टाकले. मी शाळेत होते. परत आले तर अंगणात सावलीच सावली, आणि मालक कौतुकाने वर बघत उभे. "तुम्हाला ऊन लागतं ना बाई, म्हणून केलं."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण पत्र्याखालचा तो शेडसारखा तापलेला वास, वाऱ्याने होणारी ती थडथड! कुत्री पुन्हा मोरीत. पुन्हा ताटली तशीच, पुन्हा तीच घाण. मी हातातली बादली आपटली आणि म्हणाले, "अहो, मला नाही जमत आता हे." बादलीच्या आवाजाने ती थरथर कापायला लागली, तेव्हा मला रडायलाही मोकळीक राहिली नाही. हे बाही वर सारून मोरी धुवायला बसले. मला त्याचाही राग आला.

त्याच आठवड्यात बाजारात तो पिल्लंवाला भेटला. स्कूटरच्या पुढे टोपली, टोपलीत नवी पिल्लं. भोवती पाचसहा माणसं. मी सगळ्यांसमोर शेडबद्दल बोलले. मग एका बाईंनी विचारलं, "यातला नर कुठला हो?"

पुढे ह्यांची जळगावला बदली झाली. तिथे घर पहिल्या मजल्यावर, अंगण नाही, खाली दिवसभर वर्दळ. आता हिचं काही खरं नाही, असं मी धरूनच चालले होते. पण त्या घरात तिला गॅलरी आवडली. का, ते देव जाणे. कठड्याच्या गजांतून ती तासन् तास रस्ता बघायची. एका सकाळी केळीची गाडी ढकलत एकजण ओरडत गेला आणि ती भुंकली. एकदाच, घोगरं.

"अगं, भुंकली!" हे आतून धावत आले. त्यांच्या धावण्याने ती घाबरली आणि पलंगाखाली गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी ह्यांच्यावर दिवसभर धुसफुसत राहिले.

आणखी काही वर्षं ती जगली. हातातून कधी खाल्लं नाही, कुणाच्या मांडीवर आली नाही. मी अंगावर हात ठेवला तर सहन करायची, हात काढला की अंग झाडायची. लोक म्हणायचे, तुम्ही तिचं सोनं केलं. मला तसं कधीच वाटलं नाही. शेवटी शेवटी मात्र ती आमच्यादेखत जेवायची, ताटलीत तोंड घालून, आमच्याकडे पाठ करून.