मेश्रामांच्या घरची वाचनपाळी

बीरगांवच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचला जातो. रोज एका घराची पाळी. त्याच घरचा माणूस वाचतो, त्याच घरची खीर वाटली जाते. मारोती मेश्रामाच्या घराची पाळी मात्र कायम वगळली जाई. मारोती आणि त्याची बायको कलावती दोघेही निरक्षर, त्यात गेली दहा वर्षे मारोती तुरुंगात. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये भांडण झाले, त्याने सळई हाणली आणि सोबतच्या कामगाराचा जीव गेला. त्या कामगाराची विधवा सरिता याच विहारात पहिल्या रांगेत बसते.

अंगठाबहाद्दर मारोती तुरुंगाच्या वर्गात पन्नाशीनंतर अक्षरे गिरवायला बसला. दहावी झाला आणि पुढे इतर बंद्यांना शिकवू लागला. सुटून आल्यावर त्याने एकच गोष्ट मागितली: घरची पाळी.

"जेलातली विद्या इथं नाही चालत," विहाराचा सचिव निरंजन गुरकावला. "खुन्यानं धम्म वाचावा, अन् आमी हात जोडून आयकावं?"

"पाळी मानसाची नसते भैया, घराची असते," कलावती म्हणाली. "अन् घरानं कोनाले मारलं नाही."

'पाळी घराची' हा नियम निरंजनच्याच हाताने भिंतीवर लिहिलेला होता. त्याने दातओठ खात मेश्रामांचे नाव पाळीच्या यादीत घेतले.

ठरलेल्या संध्याकाळी मारोती ग्रंथ घेऊन उभा राहिला. तुरुंगाच्या वर्गात वाचणाऱ्याने आधी आपला क्रमांक सांगण्याची शिस्त होती. ती सवय जिभेवर चढून बसली होती. त्याच्या तोंडून निघून गेले, "बंदी चारशे बारा, हाजिर!"

"अजून सुटला नाही वाटते हा!" मागून कोणीतरी खिदळले. निरंजन उठला. त्याच्यामागे एकेक जण उठत गेला आणि चपलांचा आवाज पायऱ्यांवरून उतरून गेला. सरिता तेवढी जागची हलली नाही.

"वाच," ती म्हणाली. "कुठं चुकतं ते पाहून राहिली मी."

मारोतीने ओळीखाली बोट धरले. घाम डोळ्यांत उतरला, तरी बोट घसरू दिले नाही. पूर्ण प्रकरणात तो एकदाही अडखळला नाही.

सरिता उठली.

"इतकी अक्कल होती तुह्यात! दहा वर्षं आधी काहून नाही शिकला? आमच्या घरची पाळी माहा नवरा वाचत होता. आता कोन वाचनार?"

खिरीकडे न पाहता ती निघून गेली.

विहाराच्या वहीत नोंद झाली: मेश्राम यांचे घर, वाचन पूर्ण. पातेले कलावतीने भरलेलेच घरी नेले.