वाजवी कारण

मी लॉ कॉलेजात गेले ती न्यायाच्या ओढीने वगैरे नाही. सूड घ्यायला गेले. वय पंचेचाळीस, अंधेरीतली नोकरी सांभाळून सकाळी सातची बॅच. मुलुंडच्या त्या कॉलेजाच्या माहितीपत्रकात शिकवणाऱ्यांच्या यादीत एक नाव दिसलं आणि त्याच आठवड्यात मी फॉर्म भरला. आमची घाटकोपरची खोली ज्याने घालवली, तो घरमालकाचा वकील तिथे शिकवत होता.

खोली चाळीतली, एकच. माझा जन्म तिथला. बाबांची गिरणी बंद पडली तरी डोक्यावर छप्पर होतं, म्हणून आम्ही तगलो. मग मालकाने केस घातली आणि कोर्टाने खोली त्याला परत दिली. आम्ही भांडुपला भाड्याने राहायला गेलो, दर अकरा महिन्यांनी बोचकी बांधत राहिलो, आणि अशाच एका परक्या जागेत बाबा गेले. ते गेल्यावर कपाटात निकालपत्राची झेरॉक्स सापडली. ती मी किती वेळा वाचली याला गणती नाही. वाचताना डोकं असं तापायचं की चार ओळींपुढे काही शिरायचं नाही.

सर साठीचे, कडक इस्त्रीचे, बोलायला गोड. शिकवायचे मात्र झकास, हे कबूल करणं आजही माझ्या जिवावर येतं. निकाल कसा वाचायचा याची त्यांची एक पद्धत होती. कागदावर सगळ्यात वर घटना लिहायच्या. खाली चार भाग. कोर्टापुढे मुद्दा काय होता, त्याला कायद्याचा नियम कोणता, तो नियम या घटनांना कसा लावला, आणि निष्कर्ष काय. "रडारड नको, मत नको," ते म्हणायचे. "निकालात असेल तेवढंच घ्या. नसेल ते स्वतःच्या पदरचं घालू नका."

दुसऱ्या वर्षी त्यांनी भाडेकरूंच्या खटल्यांवर काम दिलं. प्रत्येकाने एक निकाल निवडायचा, नावं खोडायची आणि वर्गापुढे उभं राहून सोडवून दाखवायचा, मग तो कागद पुरा करून द्यायचा. मी कोणता निवडला हे सांगायला नको. काळ्या पेनाने बाबांचं नाव खोडलं, पण आतून मी खूश होते. कारण मला भोक सापडलं होतं.

नियम साधा होता. भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ती परत मागता येते. निकालात खोली बंद होती यावर सहा पानं होती. वाजवी कारणावर एक ओळ नाही. आणि कारण तर होतं! आई आजारी होती, बाबा तिला घेऊन दहा महिने गावी राहिले होते, मी कांदिवलीला मावशीकडे होते. चाळीत सांगितलं होतं, शेतीचं बघायला गेलेत. म्हणजे कोर्टाने अर्धाच नियम लावला आणि या गोड माणसाने तो लावू दिला. साठ मुलांसमोर मी त्यांच्याच पद्धतीने त्यांची सालटी काढणार होते.

मी फळ्यावर चार भाग आखले, घटनांमध्ये 'पत्नीचा आजार' असं लिहिलं आणि नियमाचा राहिलेला अर्धा भाग ठणकावून वाचून दाखवला. सर पुढे झुकले. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर माझीच मॅटर! ताई, पॉइंट चांगला पकडलात. पण हा पत्नीचा आजार निकालात कुठल्या पानावर आहे?"

मी पानं उलटली. तो कुठेच नव्हता. इतकी वर्षं निकाल वाचून मला हे दिसलं नव्हतं, कारण ते मला मुळातच ठाऊक होतं.

"नाहीच सापडणार," सर म्हणाले. "भाडेकरूने ते मांडलंच नाही. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, आम्ही तिथेच राहत होतो. लाइटबिल बघितलं तर शून्य युनिट. खोटा पडला. न मांडलेलं कारण जज कुठून आणणार? पण तुमचा अंदाज बरोबर आहे हं. बाईला टीबी होता. मालकाने गावाकडून माहिती काढली होती. ते कोर्टात बोलले असते ना, तर माझी वाट लागली असती."

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग ते बोलले का नाहीत, सर?"

"घरात लग्नाची मुलगी होती. टीबीचं नाव निघालं की स्थळ येत नाही. हा कोकणी माणूस खोली सोडेल, पण हे तोंडातून काढणार नाही, हे मी पहिल्या तारखेलाच ओळखलं. उलटतपासणीत त्या विषयाच्या जवळपाससुद्धा गेलो नाही. समोरच्याला लाज कशाची वाटते ते शोधा, निम्मं काम तिथेच होतं."

वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.

"ती लग्नाची मुलगी मी, सर," मी म्हणाले.

पेनं थांबली. मग मी जे बोलले ते ठरवलेलं नव्हतं. "माझ्या आईला टीबी होता. तिने औषधं पुरी केली आणि ती बरी झाली. आता भांडुपच्या बाजारात कोळिणीशी भांडून मासे आणते. आणि माझं स्थळ मोडलं ते टीबीने नाही, खोली गेली म्हणून मोडलं." एवढं मी मोठ्याने, एका दमात बोलले. बाबांना पिंजऱ्यात याच्या निम्मंही पुरलं असतं.

"मॅडम, मी माझ्या अशिलाचं काम करत होतो," सर म्हणाले. मघाची ताई मॅडम झाली होती.

"माहीत आहे. निकालही बरोबर आहे, हे मला आत्ता कळलं."

ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. मला त्यांना कोसळताना बघायचं होतं, यार. घरी येईपर्यंत मी जळत होते.

आई कोलंबी सोलत बसली होती. तिचं दुखणं चारचौघांत बोलले म्हणून ती चिडेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, हात तसाच ओला ठेवून.

"वकिलाला ठाऊक, मालकाला ठाऊक," ती म्हणाली. "मगे आम्ही लपवत कोणापासून होतो गो?"

रात्रीची वाट न बघता मी तिथेच ओट्याशी बसून कागद पुरा केला. घटनांमधला आजार खोडला. निष्कर्षात लिहिलं, 'निकाल बरोबर आहे. भाडेकरूने लाजेपोटी खरं कारण मांडलं नाही. मालकाच्या वकिलाला ते कारण ठाऊक होतं. मालकाच्या वकिलाला माफी नाही.'

आठवड्याने कागद परत आला. सगळ्या भागांना बरोबरची खूण होती. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ आणि शेरा, 'हे निष्कर्षात बसत नाही.' मी ते खोडलं नाही.

पुढच्या वर्षी वकिलीची सनद मिळेल. भाडेकरू समोर येऊन बसला की मी आधी कागद मागणार नाही. कोणती गोष्ट बोलायची लाज वाटते, ती विचारणार आहे, आणि तीच कोर्टात द्यायच्या जबाबाच्या पहिल्या पानावर लिहून देणार आहे. पलीकडच्या बाजूला सर उभे असले, तर फारच बरं.