काठोकाठ भरलेला कप

आतेभाऊ अवधूतचा फोन आला, "ताई, आई गेली," आणि मी आधी काय केलं असेल तर स्वतःच्या हाताकडे बघितलं. फोन धरलेला हात थरथरतोय का? सख्खी आत्या गेलेली आणि मी माझा हात तपासतेय... याला आता दीड महिना झाला, पण लाज गेलेली नाही. अर्थात सुमनआत्याला हे कळलं असतं तर तिने पाठच थोपटली असती. संशय घ्यायला आम्हाला तिनेच शिकवलं.

आमच्या घराण्यात चाल बिघडते. तिशी-चाळिशीत पाय भलतीकडे पडायला लागतात, मग हात कापतात, मग जीभ जड होते. आजोबांना अख्ख्या शहाडने दारुडा ठरवलेलं. बिचाऱ्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. बाबाही त्यातच गेले. आत्या सुटली, पण तिची नजर कायम आमच्या पायांवर. शहाडला तिच्याकडे गेलं की स्वयंपाकघरात बोलावून काठोकाठ भरलेला कप हातात द्यायची. "जा, बाहेर बसून पी." मला वाटायचं, हा हिचा खवचटपणा. भाचीची फजिती बघायची असते हिला.

ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या सगळ्यांचं रक्त मागितलं. अंथरुणाला खिळलेल्या काकांनी दिलं, कल्याणच्या दोन आजारी चुलतभावांनी दिलं. आत्याने साफ धुडकावलं. बाई समजावत होत्या, एका जनुकावर आमचा संशय आहे, तो आजारी आणि धडधाकट माणसांत अक्षरन् अक्षर वाचून ताडून बघायचाय. सत्तरी ओलांडून ठणठणीत असलेली आत्या त्यांना म्हणूनच हवी होती. "संशय घ्यायला मी आहे की घरात," आत्या म्हणाली. "उद्या तो कागद कुणाच्या हाती लागला तर आपल्या पोरींना कोण करून घेईल?" मलाही पटलेलं. एवढं गोड बोलून रक्त मागतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं वर मीच म्हणालेले.

मग दिवाळीनंतर तिच्याकडे गेलेले. कप नेहमीसारखाच. ओट्यापासून खुर्चीपर्यंत सहा पावलं. बसले, तर बशीत चहा. आत्याने बशी घेतली, पुसून परत दिली. खूप राग आला मला तिचा. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "ठाण्याला जाऊ. मी रक्त देते, तूही दे."

"आता गं काय झालं एकदम?"

"तुझ्या बापाचा चहा पहिल्यांदा माझ्याच घरी सांडलेला..." ती म्हणाली. "तेव्हा मी गप्प बसले."

ठाण्याला तिने नळीवरचं नाव तीनदा वाचून घेतलं, सुई नवी आहे ना विचारलं, बाईंचं माहेर कुठलं तेही विचारलं. मग बाही वर केली. निकाल यायच्या आत, एका दुपारी झोपेतच गेली.

परवा बाईंचा फोन आला. जनुकातला तो बदल काकांत आणि दोघा भावांत सापडला, आत्यात नाही. माझं काय, ते फोनवर सांगत नाहीत, सोमवारी समोर या म्हणाल्या. सगळ्यांना असंच बोलावतो, असंही म्हणाल्या. माझा विश्वास बसलेला नाही.

अवधूतने आत्याचा तो कप मला दिलाय. आज सकाळी सईने, माझ्या लेकीने, चहा मागितला. एकोणीस वर्षांची आहे. माझ्या हाताने कप आपसूक काठोकाठ भरला. ती घ्यायला आली. बघायचं नाही ठरवूनही नजर तिच्या पायांवर गेलीच. मग मी कप तोंडाला लावला आणि दोन मोठे घोट पिऊन टाकले.

"आई, माझा होता ना तो?"

"साखर बघत होते," म्हटलं, आणि कप तिच्या हातात दिला.